बी एकाच पिशवीतलं, मग उतारा अर्धा का?

येवला तालुक्यातल्या एका ताईंचं चार पानी पत्र आलंय. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

«आमच्याकडे राजगिरा फारसा कोणी करत नाही. गेल्या वर्षी चुलत दिरांनी गुजरातेतल्या बनासकांठ्याच्या पाहुण्यांकडून बी आणलं, त्यातलं निम्मं मला दिलं. त्यांनी २८ ऑक्टोबरला पेरलं. मी सोयाबीन काढून कांदा करणार होते, पण रोप सडलं, म्हणून एक एकर राजगिरा केला. तो पेरायला ११ डिसेंबर उजाडला. पेरताना डीएपी खताची एक गोणी दिली. पीक थंडीत हलेना म्हणून पंचविसाव्या दिवशी युरियाची एक गोणी, चाळिसाव्या दिवशी दुसरी, आणि कणसं बाहेर पडल्यावर दुकानदाराच्या सांगण्यावरून तिसरी. मजूर मिळाले नाहीत, त्यामुळे विरळणी (दाटीतली जास्तीची रोपं उपटणं) राहिली. दिरांचं पीक छातीला लागत होतं. माझं कमरेइतकंच, पण पानांनी गच्च. मार्चमध्ये पाणी दिलं त्याच रात्री वारा सुटला आणि निम्मं पीक लोळलं. मला एकरात दोन क्विंटल दहा किलो झालं. बांधापलीकडे दिरांना एकरी साडेचार. त्यांनी डीएपी माझ्याएवढंच आणि युरियाची एकच गोणी दिली होती. सासरे म्हणतात बी खराब, दुकानदार म्हणतो युरिया कमी पडला, मालक नाशिकला कंपनीत असतात, ते म्हणतात तूच ठरव. यंदा कधी पेरू आणि युरिया किती टाकू? आणि विरळणीची रोपं भाजी म्हणून विकली तर चालतील का?»

ताई, आधी बियाचं मिटवू. पिशवी एकच होती. निम्मं बी दिरांच्या रानात पडलं, निम्मं तुमच्या. त्यांच्याकडे ते उगवलं, वाढलं आणि साडेचार क्विंटल देऊन गेलं. सासऱ्यांना एवढं दाखवलंत तरी पुरे आहे.

दुकानदाराचं म्हणणं तपासायला मात्र कागद-पेन्सिल घ्यावी लागेल. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते. २०१८ पर्यंत ती पन्नासची होती आणि बरेच जण हिशेब अजून पन्नासनेच करतात. युरियात नत्र (नायट्रोजन) ४६ टक्के, म्हणजे एका गोणीत पावणेएकवीस किलोच्या जवळपास. तीन गोण्यांचं झालं ६२ किलो. डीएपीच्या ५० किलोच्या गोणीत १८ टक्क्यांनी ९ किलो. एकूण ७१ किलो नत्र तुम्ही एका एकराला दिलंत. मैदानी भागातल्या बागायती रब्बी राजगिऱ्याला साधारण शिफारस आहे हेक्टरी ६० किलो नत्र, ४० किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि २० किलो पालाशची (पोटॅशची). एकराला नत्र पडतं २४ किलो. म्हणजे जवळजवळ तिप्पट टाकूनही उतारा अर्धा आला. यावर «युरिया कमी पडला» म्हणायला फार मोठं धाडस लागतं. दिरांचं नत्र त्याच हिशेबाने ३० किलोच्या आत आहे.

आता खरा घोळ कुठे झाला ते बघू. तुमच्या आणि दिरांच्या रानात एकाच वेळी तीन गोष्टी वेगळ्या होत्या: तारीख, युरिया आणि विरळणी. त्यामुळे तुटीचे किलो कशाकशाच्या खात्यावर किती लिहायचे, हे तुमच्या एका हंगामावरून कोणीही नेमकं सांगू शकणार नाही. पण तुम्ही पत्रात ज्या खुणा लिहिल्यात, त्यांवरून मी सगळ्यात मोठा वाटा तारखेच्या नावावर टाकतो. युरियाने त्यात भर घातली. बाकीचं विरळणीने केलं.

राजगिरा हे लहान दिवसाचं पीक आहे. दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की त्याला कणसाची घाई होते, मग ताट, म्हणजे झाड, केवढं झालंय हे तो बघत बसत नाही. आपल्याकडे सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरचा. त्या दिवशी दिरांचं पीक पंचावन्न दिवसांचं होतं. ऑक्टोबरअखेरच्या उबेत ते चार-पाच दिवसांत वर आलं असेल, नोव्हेंबरभर त्याने मुळं खाली सोडली, पानं केली, खोड जाड केलं. कणीस पोसायची वेळ आली तेव्हा त्याच्या अंगात बळ होतं. तुमचं पीक त्या दिवशी अकरा दिवसांचं, म्हणजे मातीतून नुकतं डोकं काढलेलं. पुढचा दीड महिना दिवस लहानच राहिले, त्यामुळे चार पानं कमी करून ते कणसावर आलं. तुमचं पीक कमरेशी थांबलं त्याचं कारण हे.

त्यात गारठा. राजगिरा मूळचा मेक्सिको आणि त्याच्या आजूबाजूच्या उबदार मुलखातला. (गंमत बघा, बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, सगळे त्याच अमेरिकेच्या बाजूचे. एकादशीचं आपलं निम्मं ताट समुद्रापलीकडून आलंय.) उन्हातून अन्न करायच्या पानांच्या कामात तो मका-ज्वारी-उसाच्या पंगतीतला आहे. ऊन आणि ऊब मिळाली की पळतो, पारा उतरला की बसून राहतो. तुमच्या शेजारचा निफाड थंडीसाठी राज्यभर बातमीत असतो, आणि ती थंडी तालुक्याची हद्द बघून थांबत नाही. पंचविसाव्या दिवशी, म्हणजे ५ जानेवारीच्या सुमारास, तुम्हाला पीक हलताना दिसलं नाही ते यामुळे. गारठलेल्या पोराला तुम्ही आणखी एक भाकरी वाढलीत, त्याला हवं होतं पांघरूण. अशा वेळी मुळं नत्र उचलत नाहीत. खत मातीत पडून राहतं, आणि फेब्रुवारीत ऊब आली की सगळं एकदम उचललं जातं. तोवर कणीस ठरून गेलेलं असतं, त्यामुळे ते नत्र पानांत जातं. «पानांनी गच्च» हे तुमचे शब्द याचाच पुरावा आहेत.

दुसऱ्या टोकालाही तारखेने मारलं. दिरांचा दाणा भरला जानेवारीत, थंड हवेत, सावकाश. तुमचा भरला फेब्रुवारीअखेर ते मार्चात, दुपारचं ऊन पस्तिशीकडे जात असताना. उन्हात दाणा लवकर पिकतो पण पोसला जात नाही. दोघांच्या घरी थोडा दाणा शिल्लक असेल तर एकाच वाटीने सपाट भरून दोन्ही वजनकाट्यावर ठेवून बघा. तुमची वाटी हलकी निघेल असा माझा अंदाज आहे. निघाली नाही तर मला जरूर कळवा, मी माझं मत दुरुस्त करीन.

ही चूक मी स्वतः करून बसलोय, म्हणून इतकं लांबण लावतोय. विहिरीची मोटर जळाली, पेरणी नोव्हेंबरअखेरीस गेली, आणि मागे पडलेलं पीक खताने ओढून आणू म्हणून मी दोनदा युरिया फेकला. रान असं हिरवंगार झालं की रस्त्यावरून जाणारे थांबून विचारायचे. मळणी झाल्यावर मात्र कोणी विचारायला आलं नाही. एकूण झाडाच्या वजनात राजगिऱ्याचा दाणा तसाही थोडाच असतो. युरिया वाढवत गेलं की झाड वाढतं आणि दाण्याचा वाटा आणखी घसरतो.

तेव्हा यंदा तारीख आधी ठरवा, मग युरिया. येवल्यासारख्या भागात २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा मी धरीन तो काळ. सोयाबीन निघाल्यावर रान तयार करायला दहा-बारा दिवस मिळतात, तेवढे पुरतात. त्याहून आधीची घाई नको. परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो, आणि राजगिऱ्याचं बी केवढं असतं ते तुम्ही पाहिलंय: एका ग्रॅममध्ये हजाराहून जास्त. एक सर आली की ते वाहून जातं, नाहीतर काळ्या मातीवर खपली धरते आणि कोंब आतच गुदमरतो. शिवाय त्या ओलीत माठ आणि काटेमाठ तुमच्या पिकाआधी उगवतात. ते राजगिऱ्याचेच भाऊबंद, लहानपणी ओळखूही येत नाहीत. १० नोव्हेंबर टळली तर महिनाअखेरपर्यंत पेरलं तरी चालवून घेता येईल, मात्र कमी उतारा मनात धरूनच. डिसेंबर लागला की राजगिरा सोडा. ते रान उन्हाळी भुईमुगाला राखून ठेवा किंवा काही करू नका, दोन्ही चाललं.

मोबाईलवर उत्तराखंड-हिमाचलचे व्हिडिओ बघून कोणी मे-जूनमध्ये पेरायला सांगेल. तिकडे डोंगरात हे खरिपाचं पीक आहे, थंडी पडायच्या आत काढून घेतात. त्या तारखा आपल्या कामाच्या नाहीत. बनासकांठ्याचं वेळापत्रक आपल्याला जवळचं, तेही रब्बीतच पेरतात. बी कोणत्या वाणाचं होतं तेवढं पाहुण्यांना विचारून घ्या. तिकडे दांतीवाड्याच्या कृषी विद्यापीठाचे «गुजरात राजगिरा» या नावाचे वाण आहेत, आपल्याकडे राहुरीचा «फुले कार्तिकी». घरचंच बी वापरणार असाल तर काळे दाणे निवडून टाका. जंगली माठाशी संकर झाला की ते वाढत जातात आणि व्यापारी त्यावर बोट ठेवून भाव पाडतो.

आता खत. वेळेवर पेरलेल्या एकराला २४ किलो नत्र धरून गोण्यांचा हिशेब मांडते वेळी डीएपी आधी घ्या, कारण स्फुरद त्यातूनच येणार. १६ किलो स्फुरदासाठी ३५ किलो डीएपी लागतं, त्यात सव्वासहा किलो नत्र आलंच. राहिलेल्या नत्रासाठी ३८ ते ३९ किलो युरिया. युरियाची एक गोणीसुद्धा पुरती लागत नाही, ताई. यातला १२ किलो युरिया डीएपी आणि १३ किलो म्युरेट ऑफ पोटॅशबरोबर पेरणीच्या वेळी बियाच्या ओळीपासून चार बोटं दूर द्यायचा, आणि उरलेला साधारण २६ किलो तिसाव्या दिवसाच्या आसपास. बस. कणसं दिसल्यावर एक मूठही नाही. त्या वेळचं नत्र दाण्यात जवळपास जात नाही. ताट हिरवं राहतं, बगलेत फुटवे येतात, एका कणसात निम्मं पिकलेलं आणि निम्मं कच्चं अशी अवस्था होते, आणि पानं गुंडाळणाऱ्या अळीला कोवळं खाणं मिळतं.

तुम्ही सोयाबीनवर पेरणार. सोयाबीनचा बेवड (आधीच्या पिकाचा रानावरचा परिणाम) चांगला, पाला रानातच जिरवला असेल तर आणखी चांगला. वर दोन-चार ट्रॉल्या कुजलेलं शेणखत पडत असेल तर मी दुसरा हप्ता २६ ऐवजी २० किलोवर आणीन. माती परीक्षण केलंत तर त्या आकड्याला माझ्या आकड्याहून जास्त मान द्या. आणि समजा काही कारणाने पेरणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेलीच, तर नत्र वाढवायचं नाही, उलट पाव ते तिसरा हिस्सा कमी करायचं. ताट लहान राहणार आहे, त्याची भूकही लहान. उशिराचे दिवस युरियाने भरून निघतात ही समजूत आपल्याकडे गव्हातही आहे, कांद्यातही आहे, आणि तिच्या जोरावर बरीच दुकानं चालतात.

खत द्यायची पद्धतही महत्त्वाची. खुरपणी करून, वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी) असताना युरिया ओळीच्या बाजूने पेरा, मातीआड करा आणि त्याच दिवशी हलकं पाणी द्या. चुनखडीच्या काळ्या रानात ओल्या मातीवर नुसता फेकलेला युरिया हवेत जातो. रान नाकाला झोंबलं की समजायचं, आपले पैसे उडताहेत. सकाळी दहिवर असताना तर अजिबात फेकू नका, दाणा पानाला चिकटतो आणि पान जळतं.

विरळणी. हा खर्च तुम्ही गेल्या वर्षी वाचवलात आणि महागात पडला. एकरी सातशे ग्रॅम बी म्हणजे आठ-नऊ लाख दाणे. दीड फुटाच्या ओळी आणि दोन रोपांत वीतभरापेक्षा थोडं कमी अंतर धरलं तर एकरात ताटं हवीत साठ हजारांच्या आसपास. सगळे दाणे उगवत नाहीत हे खरं, पण जे उगवतात तेही कितीतरी जास्त होतात. दाटीतलं रोप उजेडासाठी वर धावतं, खोड काडीसारखं बारीक राहतं. त्यावर तिप्पट नत्राची पानं, वर कणसाचं ओझं, खाली पाणी दिल्याने सैल झालेली माती, आणि वारा. आडवं न व्हायला त्याला काय कारण उरलं?

एक गोष्ट मात्र विचारायची आहे. लोळलेली ताटं मुळासकट कलली होती की खोडात मध्येच मोडली होती? मोडलेल्या जागी खोड सुजलेलं असेल आणि चिरल्यावर आत पांढरी अळी दिसली असेल, तर तो खोड पोखरणारा सोंडा (सोंडेचा किडा) आहे. त्याचा दोष वाऱ्यावर आणि युरियावर घालून चालणार नाही. यंदा जानेवारीपासून आठवड्याला दहा-बारा ताटं खाली बोट फिरवून बघत जा, गाठ हाताला लागते.

पेरताना नुसतं बी पाभरीत (पेरणीच्या अवजारात) टाकू नका, एका भागाला सात-आठ भाग चाळलेली बारीक वाळू मिसळा. खोली अर्ध्या बोटाच्या जाडीहून जास्त नको. गहू पेरल्यासारखा राजगिरा खोल गेला की तो वर येत नाही.

तुमच्या घरात तीन माणसांची तीन मतं आहेत, आणि माझं धरून चार. ती मिटवायला एक स्वस्तातला उपाय आहे. कृषी विद्यापीठांत तारीख आणि नत्राचे प्रयोग करतात ते असंच: तारखांचे मोठे पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यात खताचे छोटे तुकडे. तुम्ही तुमच्या एकरातले फक्त सहा गुंठे त्यासाठी द्या. तीन गुंठे २५ ऑक्टोबरच्या सुमारास पेरा, तीन मुद्दाम पंधरा-वीस दिवसांनी. दोन्हींमध्ये एक गुंठा विनायुरियाचा, एक शिफारशीचा आणि एक दुकानदार सांगेल तेवढ्याचा. पहिल्या आणि शेवटच्या ओळी वजनात धरायच्या नाहीत, त्यांना बांधाचं मोकळं ऊन आणि शेजारच्या तुकड्याचं खत मिळतं. विरळणी सगळ्यांची सारखी. प्रत्येक तुकड्याची कणसं वेगळ्या पोत्यात, पोत्यावर खडूने खूण, वाळवण एकाच ताडपत्रीवर एकाच दिवसांचं. सासऱ्यांना वजन करायला बसवा. बी खराब की युरिया कमी, हे त्यांना काट्यावर दिसेल. तुम्हालाही माझं कितपत खरं ते कळेल.

कापणीचं थोडं. खालची पानं पिवळी पडली की मधल्या ताटाचं कणीस तळहातावर चोळा. दाणे सुटून पडले आणि एखादा दाताखाली कट्कन तुटला, पिठासारखा दबला नाही, तर वेळ झाली. सकाळी दहिवरात कापा. उन्हं वर आल्यावर कापलेल्या कणसातून दाणा सांडतो आणि तो जमिनीवरून वेचून घेणं कोणाच्या बापाला जमणार नाही.

भाजीचं. विरळणीची रोपं पंधराव्या ते विसाव्या दिवशी उपटा, तेव्हा ती कोवळी आणि चवीची असतात, आणि खुशाल जुड्या बांधून बाजारात न्या. मजुरीतला काही भाग त्यातून सुटेल. त्या पिकावर काही फवारलं नसेल एवढं मात्र बघा. दुसरा युरिया तिसाव्या दिवशी आहे, तेव्हा विरळणी त्याच्या आधी उरकलीच पाहिजे, भाजीच्याही आणि खताच्याही हिशेबाने. उभ्या पिकाची पानं खुडून विकायचा मोह मात्र आवरा, तीच पानं कणीस पोसणार आहेत. भाजी पुढेही हवी असेल तर विहिरीजवळ वेगळा वाफा टाका. आणि युरिया दिल्यावर आठ-दहा दिवसांत उपटलेला राजगिरा गाईपुढे भारेच्या भारे टाकू नका. हे झाड उचललेलं नत्र पानांत आणि देठांत साठवून ठेवतं, आणि उपाशी जनावराने ते पोटभर खाल्लं तर त्याला विषबाधा होऊ शकते. कडब्यात मिसळून थोडं थोडं द्या.